विजेरी : एका घरगुती छंदाचे विज्ञान

१. छंद आणि वारसा

हातात मावणारा, कळ दाबताच उजळणारा आणि खिशात घालून कोठेही नेता येणारा दिवा ही मानवाच्या इतिहासातील अगदी अलीकडची प्राप्ती होय. पणती, मशाल, कंदील ह्यांनी हजारो वर्षे मनुष्याची सोबत केली; विजेरीचे वय मात्र सव्वाशे वर्षांच्या आसपास आहे. एवढ्या अल्पावधीत तिने इतकी रूपे पालटली की, जगातील अनेक देशांत विजेऱ्या जमविणे, त्या दुरुस्त करणे, त्यांचा झोत मोजणे आणि त्यांत सुधारणा करणे हा एक मान्यता पावलेला छंद झाला आहे. असा छंद असणारा मनुष्य बहुधा घरातील वडीलधारा असतो. पितळी नळीची जुनी विजेरी, तीन घटांची लांब विजेरी, काच फुटलेली परंतु टाकून देणे जिवावर आलेली विजेरी, अशा वस्तू त्याच्या कपाटात जपून ठेवलेल्या असतात.

अशा संग्रहाचे पुढे काय होते? वस्तू वारशाने मिळते. तिची जाण वारशाने मिळत नाही. आजोबांच्या पश्चात उघडलेल्या कपाटात घट झिरपून गंजलेल्या नळ्या सापडतात आणि त्या भंगारात जातात. ज्या घरात मात्र विजेरी मुलांच्या देखत उघडली गेली, घट काढून दाखविले गेले, कळ कशी काम करते हे मुलाने स्वतःच्या बोटांनी अनुभविले, त्या घरात तोच संग्रह पुढील पिढीची छोटी प्रयोगशाळा बनतो. हा छंद मुला-नातवंडांबरोबर कसा वाटून घेता येईल आणि त्यातून पदार्थविज्ञानाचे कोणते पाठ सहज मिळतात, ह्याचे विवेचन पुढे केले आहे. त्यासाठी उदाहरण म्हणून कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर हे नगर घेतले आहे. त्यास दोन कारणे आहेत. ज्ञानाची साधने गोळा करून ती मुलांपर्यंत त्यांच्याच भाषेत पोहोचविण्याचा एक मोठा प्रयत्न ह्या नगरात दोनशे वर्षांपूर्वी झाला. आणि तेथील भातखाचरांच्या प्रदेशात रात्रीच्या वेळी हाती चांगला दिवा असणे ही आजही चैन नसून गरज आहे.

२. तंजावरची परंपरा

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ह्यांनी तंजावर येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. तेव्हापासून तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे तमिळ मुलखात राहून घरात आपली मराठी बोलत आली आहेत. ह्या घराण्यातील राजा दुसरा सरफोजी (१७७७–१८३२) ह्याने १७९८ मध्ये गादी मिळविली. पुढच्याच वर्षीच्या करारान्वये राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला व राजाकडे किल्ला आणि त्याभोवतालचा थोडासा मुलूख एवढेच उरले. राज्य गेलेल्या ह्या राजाने आपले लक्ष ग्रंथ, उपकरणे आणि शिक्षण ह्यांकडे वळविले. सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखितांचा संग्रह त्याने फार मोठ्या प्रमाणावर वाढविला. नेत्ररोगांवर उपचार करून रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे व टिपणे ठेवण्याची व्यवस्था त्याने केली. ती टिपणे आजही तंजावरात आहेत. १८२६ मध्ये बिशप हेबर ह्यांनी त्याची भेट घेतली, त्या वेळच्या वर्णनांत राजाच्या संग्रहातील वायुपंप, खगोलशास्त्रीय उपकरणे आणि विद्युत् निर्माण करणारे यंत्र ह्यांचा उल्लेख आढळतो.

हे विद्युत्-यंत्र घर्षणावर चालणारे असे. काच फिरवून तिच्यावर घर्षण केले की विद्युत्-भार साचे आणि क्षणभर ठिणगी उडे. ठिणगी ही विद्युत् खरी. पण तिने वाट दिसत नाही. वाट दिसण्यासाठी विद्युत्-प्रवाह अखंड वाहावा लागतो. तशा प्रवाहाचा पहिला स्रोत, म्हणजे व्होल्टाची घटमाला, १८०० मध्ये, सरफोजी गादीवर आल्यानंतर दोनच वर्षांनी, युरोपात जाहीर झाली होती. ठिणगीपासून स्थिर प्रकाशापर्यंतचा प्रवास पुरा होण्यास आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली.

सरफोजीच्या कार्याचा प्रस्तुत विषयाशी संबंध येतो तो त्याच्या दुसऱ्या बाजूने. त्याने साधने केवळ कपाटात ठेवली नाहीत. त्याने देवनागरी मुद्रणालय उभारले व तेथे १८०६ मध्ये इसापच्या नीतिकथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर छापले गेले. छापील मराठी ग्रंथांच्या इतिहासातील अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते, आणि ते मुलांसाठी होते. पृथ्वीवरील खंड व देश ह्यांची माहिती देण्यासाठी त्याने ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी गेय नाटक रचले. भविष्य सांगणारी कुरवंजी हे दक्षिणेतील लोकांच्या ओळखीचे पात्र. तिच्या तोंडून भूगोल वदविला की तो परका वाटत नाही, ही त्यामागील दृष्टी. नवे ज्ञान ओळखीच्या वस्तूच्या व ओळखीच्या भाषेच्या हाताने मुलांपर्यंत न्यावे, हे तत्त्व विजेरीच्या छंदालाही जसेच्या तसे लागू पडते.

अशी ओळखीची वस्तू तंजावर जिल्ह्यात सहज सापडते. कुंभकोणम्‌जवळील नाचियारकोविल हे गाव पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. समई घासणे, तेल घालणे, वात पुढे सारणे ही कामे घरातील मुले मोठ्यांच्या शेजारी बसून शिकतात. त्यासाठी कोणी वेगळा धडा देत नाही. इंधन, ते वर ओढणारी वात आणि ज्योत हे समईचे तीन भाग मुलास ठाऊक असतात. विजेरीतही इंधनाच्या जागी घट, वातीच्या जागी धातूचा वाहकमार्ग आणि ज्योतीच्या जागी दिवा आहे. एवढे साम्य दाखविले की विजेरी उघडण्यास आरंभ करावा.

३. विजेरीच्या अंतरंगात

आरंभी साधी, दोन घटांची, आत तारेचा दिवा असलेली जुनी विजेरी घ्यावी. तिचे बूड फिरवून काढले की प्रथम कमानीसारखी गुंडाळलेली तार, म्हणजे स्प्रिंग, दिसते. नंतर एकामागे एक ठेवलेले दोन घट बाहेर येतात. बाजारात ह्यांस नुसते ‘सेल’ म्हणतात. शास्त्रीय भाषेत हा शुष्क घट होय.

शुष्क घटाचे बाहेरचे पात्र जस्ताचे असते व ते ऋण ध्रुवाचे काम करते. मध्यभागी कर्बाची कांडी असते; तिच्या टोकावरील पितळी टोपी हा धन ध्रुव. कांडीभोवती मँगॅनीज डाय-ऑक्साइड व कर्बाची पूड ह्यांचे काळे मिश्रण आणि जस्ताच्या बाजूस नवसागर किंवा झिंक क्लोराइड ह्यांनी भिजलेला लगदा असतो. विजेरी चालू असताना जस्त हळूहळू खर्ची पडते व त्याच्या मोबदल्यात विद्युत्-प्रवाह मिळतो. म्हणजे समईत जसे तेल जळते तसे येथे जस्त ‘जळते’. फरक इतकाच की ही क्रिया ज्योतीवाचून घडते. फ्रान्समधील लेक्लांशे ह्याने १८६६ मध्ये ह्या प्रकारचा घट तयार केला. परंतु त्यातील द्रव सांडत असे. जर्मनीतील गास्नर ह्याने १८८६ च्या सुमारास त्यातील द्रवाचा घट्ट लगदा केला आणि आडवा-उभा कसाही धरता येईल असा घट सिद्ध झाला. हा शोध लागल्यावाचून हातातील विजेरी संभवत नव्हती.

१० जानेवारी १८९९ रोजी अमेरिकेत डेव्हिड मिसेल ह्याला नळीच्या आकाराच्या विद्युत्-दिव्याचे एकस्व मिळाले. आजच्या विजेरीचा हाच पूर्वज. त्या काळचे घट दुर्बल व दिव्यातील तार कर्बाची असल्यामुळे हा दिवा सतत पेटत ठेवता येत नसे. क्षणभर चमकवून विझवावा लागे. इंग्रजीतील ‘फ्लॅशलाइट’ ह्या नावातील ‘चमक’ तेथून आली. पुढे टंगस्टन धातूची चिवट तार काढण्याची रीत साधल्यावर दिवा स्थिरपणे पेटू लागला.

प्रयोग पहिला. दोन्ही घट एकाच दिशेने बसविले तर दिवा लागतो. प्रत्येक घटाचा विद्युत्-दाब सुमारे १.५ व्होल्ट असल्याने दोहोंचा मिळून ३ व्होल्ट होतो. आता एक घट उलटा बसवावा. दिवा लागत नाही, कारण दोन्ही दाब परस्परांविरुद्ध उभे राहून एकमेकांस निष्प्रभ करतात. तीन घटांच्या विजेरीत एक घट उलटा बसविला असता काय होईल, हे प्रथम मुलास विचारावे व मग करून पाहावे. तीन घटांपैकी दोघांचा दाब परस्परांत फिटतो, उरलेल्या एका घटाचा १.५ व्होल्ट दाब शिल्लक राहतो आणि दिवा मंद तांबूस उजळतो. प्रयोग संपताच घट सरळ करावेत. उलटा बसविलेला घट लवकर झिरपतो.

प्रवाहाचा मार्गही मुलास बोटाने दाखवावा. पुढील घटाच्या टोपीपासून दिव्याच्या बुडाशी, दिव्याच्या तारेतून त्याच्या कडेच्या आट्यांपर्यंत, तेथून कळ व धातूच्या पट्टीवाटे मागील स्प्रिंगपर्यंत आणि स्प्रिंगमधून जस्ताच्या बुडाशी, असे हे वर्तुळ पुरे होते. ते कोठेही तुटले की काळोख. जुन्या विजेऱ्या बिघडतात त्या बहुधा ह्याच मार्गावर साचलेल्या गंजामुळे. पट्टी बारीक कांचकागदाने घासली की कित्येक ‘मेलेल्या’ विजेऱ्या पुन्हा जिवंत होतात. स्वतः शोधलेला दोष आणि स्वतः पेटविलेला दिवा ह्यांचा आनंद मुलास नव्या विजेरीच्या भेटीहून अधिक होतो.

४. झोत आणि अंतर

दिव्यामागील चकचकीत वाटीस परावर्तक म्हणतात. तिचा आकार अन्वस्ताचा, म्हणजे उंच फेकलेला चेंडू हवेतून ज्या वक्र मार्गाने जातो त्या वक्राचा असतो. ह्या वक्राच्या नाभीवर प्रकाशाचा उगम ठेवला तर चोहीकडे पसरणारे किरण परावर्तित होऊन परस्परांस समांतर असे पुढे जातात. जुन्या विजेरीचे डोके फिरविले की दिवा नाभीच्या मागेपुढे सरकतो आणि भिंतीवरील प्रकाशाचे वर्तुळ लहानमोठे होते. परावर्तक नव्याने प्रकाश निर्माण करीत नाही. असलेला प्रकाश एका दिशेस वळवितो, एवढेच त्याचे कार्य.

प्रयोग दुसरा. विजेरीचा परावर्तक काढून उघडा दिवा पेटवावा. पुठ्ठ्यात २ सेंटिमीटर बाजूचे चौकोनी छिद्र पाडून तो पुठ्ठा दिव्यापासून ५० सेंटिमीटरांवर उभा करावा. दिव्यापासून १०० सेंटिमीटरांवर पांढरा कागद धरला असता त्यावर ४ सेंटिमीटर बाजूचा उजळ चौकोन पडतो. १५० सेंटिमीटरांवर तो ६ सेंटिमीटरांचा होतो. म्हणजे अंतर दुप्पट झाले की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर आणि तिप्पट झाले की नऊपट क्षेत्रावर पसरतो. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हा नियम पुस्तकात पाठ करण्यापेक्षा येथे पट्टीने मोजता येतो.

विजेरीच्या वेष्टनावर छापलेला पल्ला समजण्यासही हाच नियम उपयोगी पडतो. झोत ज्या अंतरावर पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स, क्षीण होतो ते अंतर विजेरीचा पल्ला म्हणून सांगण्याची रीत २००९ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झाली व आज ती पुष्कळ ठिकाणी पाळली जाते. २,५०० कँडेला तीव्रतेच्या झोताचा पल्ला १०० मीटर येतो. तो २०० मीटर करावयाचा तर तीव्रता दुप्पट करून भागत नाही. ती चौपट, म्हणजे १०,००० कँडेला करावी लागते. हे गणित ज्या मुलाने एकदा केले, ते जाहिरातीतील मोठ्या आकड्यांना सहसा भुलत नाही.

५. तापलेली तार आणि थंड प्रकाश

टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते तेव्हा ती पिवळसर प्रकाश देते. परंतु घेतलेल्या ऊर्जेचा फारच थोडा भाग प्रकाशात उतरतो. बाकीची सर्व उष्णतेत जाते. प्रकाश-उत्सर्जक डायोड, म्हणजे ज्यास आज सर्वजण एलईडी म्हणतात, त्यात तार नाही आणि तापणे हे त्याचे साधनही नाही. अर्धसंवाहकाच्या दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन रिक्त जागेत उतरतो व उतरताना आपली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने टाकतो. अमेरिकेतील निक होलोन्याक ह्यांनी १९६२ मध्ये डोळ्यांस दिसणारा तांबडा प्रकाश देणारा डायोड तयार केला. निळा प्रकाश मिळविण्यास आणखी तीस वर्षे लागली. त्या कार्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा ह्या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. विजेरीतील पांढरा डायोड वस्तुतः निळाच असतो. त्यावरील पिवळसर लेप काही निळ्या प्रकाशाचे पिवळ्यात रूपांतर करतो आणि दोहोंच्या मिश्रणास डोळा पांढरा म्हणतो. डायोडकडे (तो विझलेला असताना) निरखून पाहिल्यास हा पिवळा लेप स्पष्ट दिसतो.

प्रयोग तिसरा. तारेचा दिवा घटांस कोणत्याही दिशेने जोडला तरी पेटतो. पांढरा डायोड मात्र एकाच दिशेने पेटतो आणि एका घटाच्या १.५ व्होल्टांवर मुळीच पेटत नाही. त्यास सुमारे ३ व्होल्ट लागतात. तीन घट जोडावयाचे असल्यास मार्गात सुमारे १०० ओहमचा रोधक अवश्य घालावा. नाही तर डायोडमधून बेसुमार प्रवाह वाहून तो निकामी होईल. ज्या घरात आजोबांची तारेची विजेरी आणि नातवाची डायोडची विजेरी शेजारी शेजारी आहेत, त्या घरात भौतिकीच्या दोन युगांची तुलना मेजावरच करता येते.

६. मंदिराची सावली

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराविषयी एक समजूत दूरवर पसरलेली आहे. राजराज चोळाने बांधविलेल्या व १०१० मध्ये पूर्ण झालेल्या ह्या मंदिराच्या विमानाची सावली भूमीवर कधीच पडत नाही, असे यात्रेकरूंना सांगण्यात येते. ही गोष्ट खरी की खोटी, हे मुलांना विजेरीच्या साहाय्याने स्वतः ठरविता येईल.

प्रयोग चौथा. विमान सुमारे ६० मीटर उंच असून त्याचा पाया सुमारे ३० मीटर रुंदीचा आहे. पुठ्ठ्याचा ६ सेंटिमीटर उंचीचा व ३ सेंटिमीटर चौरस पायाचा, वर निमुळता होत जाणारा मनोरा करून पांढऱ्या कागदावर ठेवावा. खोलीत काळोख करून विजेरी दोन मीटर अंतरावरून बरोबर डोक्यावर धरावी. मनोरा निमुळता असल्याने सावली त्याच्याच अंगावर व पायावर सामावते. कागदावर ती जवळजवळ दिसत नाही. आता विजेरी हळूहळू एका बाजूस झुकवावी. एका विवक्षित कोनापुढे टोकाची सावली पायाबाहेर येते आणि विजेरी जसजशी खाली येईल तसतशी लांबत जाते.

आकाशात हेच घडते. तंजावरच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात व ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, मध्यान्ही डोक्यावर येतो. त्या दिवसांच्या भर मध्यान्ही सावली पायातच सामावते व समजुतीस आधार मिळतो. सकाळ-संध्याकाळी मात्र ती प्रांगणात सरळ पसरते. डिसेंबरात तर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ५६ अंशच वर असल्याने सावली पायाबाहेर पडते. चोळ शिल्पकारांचे कौशल्य ह्यामुळे तिळमात्र उणे होत नाही. ऐकलेली गोष्ट प्रयोगाने पारखावी आणि ती कोणत्या मर्यादेत खरी आहे ते शोधावे, हा ह्या प्रयोगाचा खरा लाभ. आजोबांनी सांगितलेली गोष्ट आजोबांच्याच विजेरीने तपासण्याची मुभा नातवास असावी.

७. काळोखातील वाट

आतापर्यंत विजेरीचा विचार विरंगुळ्याचे साधन म्हणून झाला. कावेरीच्या खोऱ्यात तिचे मोल ह्याहून अधिक आहे. भातशेतीत रात्रीही पाणी पाहण्यास जावे लागते. खाचरांच्या अरुंद बांधांवर उंदीर असतात आणि उंदरांच्या मागे साप येतात. मण्यार रात्रीच हिंडते. घोणस पायवाटेच्या कडेस निश्चल पडून राहते. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे दगावली, म्हणजे वर्षास सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वर्तविला आहे. ह्यांतील बहुसंख्य लोक खेड्यांतील होते आणि पावसाळ्याच्या महिन्यांत हे प्रमाण वाढते. पायांत पादत्राण व हातात चालू विजेरी हे दंश टाळण्याचे सर्वांत स्वस्त उपाय होत. झोत दूरवर फेकण्यापेक्षा पुढील दोन-तीन पावलांवर धरावा. येथे लांब पल्ल्याच्या विजेरीपेक्षा रुंद व मऊ प्रकाशाची विजेरी अधिक कामाची, हे छंदिष्टाने मुलांना आवर्जून सांगावे. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे वा आवळून बांधणे ह्यांत वेळ न दवडता रुग्णास शक्य तितके न हलविता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे.

दुसरा प्रसंग वादळाचा. १६ नोव्हेंबर २०१८ च्या मध्यरात्रीनंतर ‘गज’ हे चक्रीवादळ नागपट्टिनम् व वेदारण्यम् ह्यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले. तंजावर जिल्ह्यातील पट्टुकोट्टै, ओरत्तनाडू, पेरावुरणी ह्या भागांतील नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोठ्या संख्येने मोडले आणि पुष्कळ गावांना अनेक रात्री विजेवाचून काढाव्या लागल्या. अशा रात्री कपाटातील दहा शोभेच्या विजेऱ्यांपेक्षा ताजे घट घातलेली, ठरल्या जागी ठेवलेली आणि घरातील लहान मुलासही लावता येणारी एक विजेरी अधिक मोलाची ठरते. ईशान्य मोसमी पावसाच्या आधी, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस, घरातील सर्व विजेऱ्या उघडून तपासण्याचा एक दिवस मुलांच्या हाती सोपवावा. हे काम खेळासारखे वाटते. पण त्यावर कुटुंबाची सुरक्षितता अवलंबून असते.

काळोखाचीही ओळख ह्याच छंदातून व्हावी. झगझगीत प्रकाशातून अंधारात गेल्यावर डोळ्यांस पूर्ण सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो. तांबडा कागद लावलेल्या मंद विजेरीने हा सराव फारसा मोडत नाही. म्हणून ताऱ्यांचा नकाशा पाहताना तसाच प्रकाश वापरतात. विजेरी कपाळाजवळ धरून गवतावर झोत टाकला असता कोळ्यांचे डोळे बारीक हिरकण्यांसारखे चमकतात. गाय व मांजर ह्यांच्या डोळ्यांमागे प्रकाश परतविणारा थर असल्याने तेही चमकतात. प्राण्यांच्या डोळ्यांवर झोत रोखून धरू नये व घरट्यातील पक्ष्यांना उजेडाने त्रास देऊ नये.

८. सावधगिरी

पुढील गोष्टी मोठ्यांनी स्वतः पाळाव्या व मुलांस कारणासह समजावून द्याव्या.

(१) न वापरावयाच्या विजेरीतील घट काढून ठेवावेत. जस्ताचे पात्र खर्ची पडून भोके पडली की आतील लगदा झिरपतो आणि विजेरी कायमची निकामी होते. जुने व नवे घट एकत्र घालू नयेत.

(२) नाण्याच्या आकाराचे चपटे घट लहान मुलांच्या हाती कदापि लागू देऊ नयेत. असा घट गिळला गेल्यास दोन तासांच्या आत अन्ननलिकेस गंभीर इजा होऊ शकते. तशी नुसती शंका आली तरी मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

(३) आधुनिक विजेऱ्यांतील लिथियम-आयन घट फार शक्तिमान असतात. ‘१८६५०’ ह्या प्रचलित घटाच्या नावातील अंक त्याचा १८ मिलिमीटर व्यास व ६५ मिलिमीटर लांबी दर्शवितात. हा घट खिशातील किल्ल्यांना वा नाण्यांना लागून त्याचे ध्रुव जोडले गेल्यास तो अतिशय तापून पेट घेऊ शकतो. असे सुटे घट मोठ्यांनीच हाताळावेत. मुलांचे प्रयोग १.५ व्होल्टच्या शुष्क घटांवर करावेत.

(४) प्रखर झोत कोणाच्याही डोळ्यांत मारू नये. लेसर हे खेळणे नव्हे.

(५) संपलेले घट जाळू नयेत, फोडू नयेत व कालव्यात टाकू नयेत. भारतात २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. वेगळे साठवून संकलन केंद्राकडे द्यावेत.

९. छंद कसा सोपवावा

वयाप्रमाणे ह्या छंदाचे टप्पे पाडता येतात. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी भिंतीवरील सावल्या पुरेशा आहेत. हाताचे हरिण, बोटांचा पक्षी, तंजावरच्या डुलणाऱ्या बाहुलीची लहानमोठी होणारी सावली ह्यांतून प्रकाश सरळ रेषेत जातो हे त्यास न सांगता कळते. आठ-नऊ वर्षांच्या मुलास घट बसविणे, पट्टी घासणे व प्रयोग पहिला करणे जमते. बारा वर्षांपुढील मुलाने अंतर मोजावे, आकडे वहीत नोंदवावे आणि निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहावा. शाळेत वा ग्रंथालयात हे प्रयोग चार-पाच मुलांच्या गटाने केल्यास खर्च नाममात्र येतो.

संग्रहातील प्रत्येक विजेरीसाठी एक चिठ्ठी करून ठेवण्याची सवय फार उपयुक्त होय. ती कोठून आली, किती घट लागतात, कोणता दिवा आहे, कधी दुरुस्त केली, एवढी माहिती चिठ्ठीवर असावी. ही चिठ्ठी आजोबांनी सांगावी व नातवाने लिहावी. तंजावरसारख्या ठिकाणी, जेथे मूल शाळेत तमिळ व इंग्रजी आणि घरात मराठी बोलते, तेथे ह्या चिठ्ठीवर दिव्याचे नाव तिन्ही भाषांत यावे. ‘विळक्कु’ म्हणजे दिवा आणि हातातील दिवा तो ‘विजेरी’, असे शब्द वस्तूबरोबर हाती आले की ते विसरले जात नाहीत. भाषा पुढे जाते तीही अशाच लहानसहान कामांच्या ओघात.

छंद सोपविणाऱ्याने एका मोहापासून दूर राहावे. आपला संग्रह मौल्यवान असल्याने मुलांनी त्यास हात लावू नये, असे त्यास वाटणे साहजिक आहे. संग्रहाचे दोन भाग करणे हा त्यावरील उपाय. दुर्मीळ वस्तू काचेआड ठेवाव्या आणि चार-दोन साध्या विजेऱ्या उघडण्यासाठी, बिघडविण्यासाठी व पुन्हा जोडण्यासाठी मुलांच्या स्वाधीन कराव्या. त्यांतील एखादी कायमची मोडली तरी हरकत नाही. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मोठ्यास ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून प्रयोग करावा अथवा ग्रंथालयाची वाट धरावी. ज्ञान मिळविताना वयाचा अडथळा येत नाही, हे मुलास तेव्हाच प्रत्यक्ष दिसते.

घट संपतात, दिवे जातात आणि आजची विजेरीही काही वर्षांत जुनी ठरेल. वर्तुळ पुरे झाले तरच दिवा लागतो, अंतर वाढले की प्रकाश पसरतो, ऐकलेले पारखून घ्यावे आणि अंधारात पाऊल टाकण्यापूर्वी पुढील जागा पाहावी, ह्या गोष्टी मात्र जुन्या होत नाहीत. त्या ज्या मुलाच्या हाताला एकदा कळल्या, त्याच्या हाती कोणत्याही काळातील दिवा सुरक्षित राहील.